ताम्हणकाका

वसई पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की तीन विधी होतात. सेक्रेटरी त्याच्याकडून पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद घेतात, वॉचमन त्याच्या स्कूटरचा नंबर वहीत उतरवतो आणि ताम्हणकाका त्याला झाड दाखवतात. पहिले दोन टाळलेले लोक आमच्याकडे राहतात. तिसरा आजवर कोणाला टाळता आलेला नाही.

काकांचं खरं आडनाव लेटरबॉक्सवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. हातात बाराही महिने आकड्याची छत्री. पावसाशी तिचा संबंध नाही, पावसात तर ते बिनधास्त भिजतात. ती फांदी खाली ओढायला आहे. नव्या माणसाला ते बुंध्यापाशी उभं करतात, आकडा वर घालतात आणि म्हणतात, "हे आपलं राज्यफूल."

माणूस जानेवारीत आलेला असला तर तो वर बघतो. वर फूल नसतं. पानं असतात, तीही निम्मी तांबडी आणि गळायच्या बेतात, आणि मधेमधे काळपट, टणक बोंडांचे घोस. पाहुणा सभ्यपणे म्हणतो, "आत्ता काही नाही ना?"

हे वाक्य काकांसमोर काढायचं नसतं. घरमालकांनी ते भाडेकरारात घालायला हवं, पण घालत नाहीत, आणि मग प्रत्येकाला स्वखर्चाने शिकावं लागतं.

"काही नाही कसं? रंग बघा पानांचा. तांबं आहे तांबं! हा थोडेच दिवस मिळतो. आता बोंड बघा. सहा ठिकाणी तडकलंय, सहाच, मोजा. त्याच्या बुडाशी चांदणी आहे, तिलाही सहाच टोकं. फुलाच्या पाकळ्या सहा. झाड हिशेबाला पक्कं आहे. आत बी आहे, त्याला पंख आहे. वारा सुटला की गरगरत थेट त्या पांढऱ्या गाडीखाली जातं. आणि साल! हात लावा, लाजताय काय? पोपडे निघतात, खाली फिकट नक्षी राहते. ही नक्षी फुलांच्या दिवसांत कोणी बघत नाही, म्हणून आत्ताच बघून घ्यायची."

एव्हाना जिन्यात टेम्पोवाल्यांच्या पाठीवर फ्रिज असतो आणि ते भाडेकरूच्या नावाने ओरडत असतात. पण काकांनी अजून मुळांचा विषय काढलेला नसतो.

हा नमुना फक्त आमच्याकडेच आहे असं समजू नका. नालासोपाऱ्यात बहाव्याचा एक आहे, विरारला सोनचाफ्याचा आहे, आणि नायगाव पूर्वेला नव्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्याच्या गॅलरीत ड्रममध्ये पांगारा लावणारा एक शूर गृहस्थ आहे. ही सगळी मंडळी मुंबईहून आलेली. गिरगाव-लालबागच्या एका खोलीतून इकडे आली, त्यांना दोन खोल्या आणि एक खिडकी मिळाली, खिडकीतून काहीतरी दिसायला हवं असं वाटू लागलं आणि तिथून हा आजार जडला. काकांची तीस-पस्तीस वर्षं विरार लोकलमध्ये गेली. या गाडीने माणसाला शिकवलेली मुख्य विद्या म्हणजे जागा धरणं. गेटजवळच्या ज्या चौकोनात तीन मोटरसायकली मावल्या असत्या तिथे काकांनी एका पावसाळ्यात कमरेएवढं रोप लावलं आणि सभासदांना जाग येईपर्यंत त्याला लोखंडी जाळी, जाळीला रंग आणि रंगावर "हात लावू नये" अशी पाटी झाली होती. तेव्हा सोसायटीचं कन्व्हेयन्स व्हायचं होतं. आज झाड दुसऱ्या मजल्याच्या वर गेलंय. कन्व्हेयन्स अजून व्हायचंच आहे.

वसईचा मूळ माणूस मात्र झाडाकडे हिशेबाने बघतो, आणि त्याचं मला चूक वाटत नाही. त्याची वाडी बघा. नारळ, सुपारी, केळी, सुपारीवर चढवलेली पानवेल, खाली मोगरा. राजेळी केळी पिकली तर खायची, उरली तर सुकवून तिची सुकेळी करायची. मोगरा पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात. पाणी बावखलाचं किंवा विहिरीचं. अशा वाडीत झाड बारा महिने हिरवं असतं, कारण बारा महिने त्याला काहीतरी द्यायचं असतं. पानं झाडून मोकळं उभं राहणारं झाड दिसलं तर मालक आधी बुंध्याला कीड लागली का ते बघतो.

गिरीजच्या बाजूचे एक वाडीवाले अंकल आमच्याकडे नारळ घेऊन येतात. काकांनी त्यांना गाठलं तेव्हा मी दारातच होतो.

"याला काय धरतं?" अंकलनी विचारलं.

"बोंडं."

"खायची?"

"बघायची."

अंकलनी नारळाची गोणी खाली ठेवली. "लाकूड?"

"उत्तम! पाण्यात टिकतं, पूर्वी होड्यांना वापरायचे."

"मग कधी तोडणार?"

काकांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. अंकल भला माणूस. त्यांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. जाताना त्यांनी एक नारळ काकांच्या हातात फुकट ठेवला, सांत्वन केल्यासारखा.

काकांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांचं म्हणणं असं की बारा महिने हिरवं झाड म्हणजे बारा महिने एकच बातमी देणारं वर्तमानपत्र. तुंगारेश्वरच्या डोंगरात जाऊन बघा, म्हणतात. साग, काटेसावर, पळस, सगळे पानं टाकून मोकळे होतात, कारण पावसाळा संपला की पुढे सात-आठ महिने पाणी नाही आणि मोठ्या पानांतून ते उडून जातं. खर्च कमी करायचा तर पानं टाकायची. "झाडाला कळतं, आपल्या मॅनेजिंग कमिटीला कळत नाही," हे त्यांचं त्यावरचं भाष्य. आपल्याकडचा निसर्ग पानगळीचाच आहे, हिरवेगार पाम आणि उंच सरळसोट आसुपालव ही बिल्डरची आवड आहे, हे त्यांचं दुसरं भाष्य. हे दुसरं मला पटतं, पण त्यांना तसं सांगत नाही. सांगितलं तर संध्याकाळ जाते.

पानगळीचा खरा भार पडतो झाडूवाल्या मावशींवर. ताम्हणाचं पान चांगलं वीतभर लांब, जाडसर. पौष-माघात रोज सकाळी गेट ते पंपरूम तांबडा सडा. मावशींनी एकदा झाडू टेकवून विचारलं, "काका, अजून किती राहिलीत वर?"

"मावशी, हा कचरा नाही. हा रंग आहे."

"मग रंग घरी न्या ना. माझ्या गाडीवाला विचारतो ओला का सुका. रंगाचा डबा नाही त्याच्याकडं."

काका निरुत्तर झालेले मी तेवढेच पाहिले. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः पोतं घेऊन खाली उतरू लागले आणि पानांचं खत करण्यासाठी गॅलरीत पिंप ठेवलं. पिंपामुळे काकूंची कपड्यांची दोरी गेली. काकूंना या संसाराबद्दल विचारलं तर त्या एवढंच म्हणतात, "आमच्या लग्नाचा वाढदिवस जानेवारीत असतो. पानं लाल झाली की ह्यांना आठवतो. पानं उशिरा लाल झाली तर साडीही उशिरा येते."

वार्षिक सभेत झाडाचा विषय 'ऐनवेळच्या विषयां'मध्ये असतो, म्हणजे दरवर्षी असतो. एका वर्षी ठराव आला की हे झाड काढून तिथे दोन पाम लावावेत, कचरा नाही, दिसायला स्टँडर्ड. काका उठले. हातात फाइल. महाराष्ट्राचा 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा, झेरॉक्स, पिवळी खूण केलेली. शहरी भागात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे त्यांनी वाचून दाखवलं. मग कायद्यावरून ते सवयीने इतिहासावर घसरले. या झाडाचं शास्त्रीय नाव लागेरस्ट्रोमिया स्पेसिओसा. लागेरस्ट्रोम हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक. तो लिनियसला पूर्वेकडची झाडं मिळवून द्यायचा, म्हणून लिनियसने 1759 साली या प्रजातीतल्या झाडांना त्याचं नाव दिलं.

सेक्रेटरी प्रथमच लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे हा लागेरस्ट्रोम कमिटीवर होता?"

"तसंच म्हणा."

"आणि कमिटीवरच्या माणसाचं नाव झाडाला दिलं?"

"दिलं."

सेक्रेटरींनी खजिनदारांकडे पाहिलं. त्या नजरेत वीस वर्षांची बिनपगारी सेवा होती. ठराव पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

चैत्र उजाडला की काकांची चाल बदलते. नवी पालवी येते, फांद्यांच्या टोकांना तुरे उभे राहू लागतात, कळ्यांवर तांबूस मखमल आणि शिरा. नोटीस बोर्डावर पाणी कधी येणार आणि लिफ्ट कधी बंद असणार या दोन शाश्वत सूचनांच्या मधे काकांच्या अक्षरातली चिठ्ठी लागते : "कळी धरली आहे." खाली सही, तारीख आणि वेळ. तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने "अभिनंदन" लिहिलेलं असतं.

त्यांचं सगळं लक्ष 1 मेकडे. राज्यफुलाने महाराष्ट्र दिनाला फुलावं यासारखी शिस्त नाही असं त्यांना वाटतं, आणि ताम्हणाचा बहर एप्रिल ते जून असल्यामुळे बहुतेक वर्षी झाड त्यांची लाज राखतंही. सकाळी आठला गेटपाशी छोटासा झेंडा, पेढे, आणि काकांचं भाषण. राज्यवृक्ष आंबा, राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू. "यांतला एकही आपल्या सोसायटीत नाही. फूल आहे!" टाळ्या पेढ्यांना पडतात. पण एका वर्षी बहर लांबला. पहिली तारीख आली, झेंडा आला, पेढे आले, आणि झाडावर नुसत्या कळ्या. आम्हाला वाटलं, आज काकांना बोलता येणार नाही. काकांनी आकड्याने फांदी ओढली, एक कळी चिमटीत धरून सर्वांना फिरवून दाखवली आणि म्हणाले, "फूल कोणीही बघतं." त्या वर्षीचं भाषण नेहमीपेक्षा लांबलं.

आणि एकदा का फुललं की मग खैर नसते. सांगायलाच हवं की हे फूल खरोखर देखणं आहे. तळहातात मावेल एवढं, जांभळट गुलाबी, पाकळ्या इस्त्री करायची राहून गेल्यासारख्या चुरगळलेल्या, मधे पिवळ्या केसरांचा झुपका. हात-हातभर लांबीचे तुरे फांद्यांच्या शेंड्यांवर ताठ उभे असतात, त्यामुळे खालून दिसतात आणि चौथ्या मजल्यावरून त्याहून चांगले दिसतात. चौथ्या मजल्यावरच्यांना काकांनी मे महिन्यात दुपारी दार लावून झोपायची सोय ठेवलेली नाही. पण या रंगाची एक खोड आहे. ताजं फूल गडद असतं, मग उन्हाने उतरत उतरत पांढुरकं होतं. म्हणून काकांनी दर्शनाची वेळ ठरवून दिली आहे, सकाळी साडेसातच्या आत. नेमकी ती स्टेशनकडे धावण्याची वेळ. खांद्याला बॅग, हातात डबा, रिक्षावाला गेटवर हॉर्न वाजवतोय, आणि काका आडवे.

"काका, फास्ट चुकेल!"

"पुढची आहे की. हा रंग पुढच्या गाडीला नाही."

वसईहून अंधेरीला जाणारी कित्येक माणसं मे महिन्यात उशिरा पोचतात. त्यांच्या ऑफिसात त्याचं खापर बिचाऱ्या रेल्वेवर फुटतं.

काकांचं एकमेव दुःख म्हणजे बहावा. समोरच्या सोसायटीत तो आहे, आणि एप्रिलमध्ये तो असा काही पिवळाधमक पेटतो की आमच्या सोसायटीतली माणसंही तिकडे जाऊन सेल्फी काढतात. गुलमोहराचं काकांना काही वाटत नाही. तो मादागास्करचा पाहुणा म्हणून ते सोडून देतात. बहाव्याला तेही म्हणता येत नाही, तो अस्सल इथलाच. त्यातून बहाव्याला एक भविष्यही चिकटलेलं आहे : तो फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस. दर एप्रिलमध्ये हा निरोप पिवळ्या फोटोसकट सगळ्या ग्रुपांवर फिरतो, आणि काका त्याला अंगठा दाखवतात, पण मनातून खचतात. आपल्या ताम्हणालाही एखादं भाकीत असावं म्हणून त्यांनी बराच प्रयत्न केला. पावसाळ्यात ताम्हण कधी कधी पुन्हा थोडासा फुलतो. त्यावरून "ताम्हण दुसऱ्यांदा फुलला की गणपतीत पाऊस" असा सिद्धांत त्यांनी मांडला. तो आजवर एकदाही खोटा ठरलेला नाही, कारण वसईत गणपतीत पाऊस असतोच.

पावसावरून आठवलं. 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्यात गेलं, नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, वीज गेली. आमच्या तळमजल्यावरच्या घरांत पलंगाच्या पायांना पाणी लागलं होतं. सगळे जिन्यात बसून मेणबत्तीच्या उजेडात एकमेकांना धीर देत होते आणि काका गुडघाभर पाण्यात झाडापाशी उभे. आम्ही वरून ओरडलो, "काका, वर या!" ते खालून ओरडले, "काळजी नको! हा मूळचा ओढ्याकाठचा आहे, याला पाण्याचं काही वाटत नाही!" तळमजल्यावरच्या वहिनी त्यांच्याशी पुढे दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. काकांची उपपत्ती अशी की आपली इमारत बुजवलेल्या बावखलावर उभी आहे, म्हणून पाणी दरवर्षी जुन्या पत्त्यावर येतं, आणि या आवारात ते अपेक्षित धरून बसलेला एकटा ताम्हणच आहे. याबद्दल बिल्डरला पत्र लिहावं असं ठरलं होतं. बिल्डरचा पत्ता पाण्याइतका पक्का निघाला नाही.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं, तेही ऐन बहरात. शेजारच्या आवारातला गुलमोहर आडवा झाला, आमचा ताम्हण दोन फांद्यांवर निभावला. कोविडमुळे खाली उतरायला बंदी, म्हणून काकांनी रात्रभर खिडकीतून टॉर्च मारून झाडाला धीर दिला. समोरच्या सोसायटीने तो उजेड संकटाचा इशारा समजून दोनदा फोन केला.

थंडीत बोंडं तडकली की बियांचा हंगाम. दुधाच्या पिशव्यांत माती, मातीत बी, आणि वैशाखापासून कोणाच्याही कार्यात काकांचा आहेर ठरलेला. बारशाला ताम्हण, मुंजीला ताम्हण, गृहप्रवेशाला ताम्हण. बियांपासूनच्या झाडाला फूल यायला चार-पाच वर्षं तरी लागतात, त्यामुळे "मूल शाळेत जाईल तेव्हा फुलेल" असा आशीर्वादही सोबत देता येतो. घेणाऱ्याचं घर सातव्या मजल्यावर असतं, त्याच्याकडे मातीच नसते. मग ती पिशवी आधी गॅलरीत, मग जिन्यात आणि एका रात्री रस्त्याच्या कडेला जाते. काकांना हे ठाऊक आहे. दिल्या घरी मुलगी सुखी आहे ना हे बघायला बापाने काहीतरी निमित्त काढून जावं तसे ते रविवारी सकाळी फिरायला निघतात आणि पापडी, बाभोळा, अंबाडी रोड अशी एकेका रोपाची गुपचूप चौकशी करून येतात. सापडलेल्यांना पाणी घालतात. न सापडलेल्यांच्या मालकांना पुढच्या कार्यात नवं रोप देतात.

अलीकडे आमच्याकडे पुनर्विकासाचे वारे आहेत. डेव्हलपरच्या माणसांनी गच्चीवर पडदा लावून नव्या इमारतीची चित्रं दाखवली. तेवीस मजले, पोडियम, त्यावर लॉन, आणि लॉनवर एका मापाची, एका हिरव्या रंगाची झाडं. कोणी कार्पेट एरिया विचारला, कोणी भाडं, कोणी पार्किंग. सगळ्यांचं झाल्यावर काकांनी छत्री वर केली.

"हे चित्र कोणत्या महिन्यातलं आहे?"

टाय लावलेला मुलगा गोंधळला. "सर, हे फक्त इंडिकेटिव्ह आहे."

"ते कळलं. महिना कोणता?"

"सर, बारा महिने असंच राहील."

"पानं कधी गळणार?"

"गळणारच नाहीत सर. लो मेंटेनन्स आहे."

मागच्या रांगेत मावशी उभ्या होत्या. त्यांना हे फारच आवडलं. त्यांनी त्या मुलाला नाव विचारलं, गाव विचारलं, लग्न झालंय का तेही विचारलं. काका खाली बसले नाहीत. त्यांनी जुन्या झाडाचं काय होणार हे विचारलं, मुलाने ट्रान्सप्लांट करू म्हणून सांगितलं, काकांनी कोणत्या महिन्यात करणार ते विचारलं, आणि सभा तिथेच अडकली. शेवटी चहा आला.

सेक्रेटरींनी इतिवृत्त नेहमीप्रमाणे चोख लिहिलं. विषय क्रमांक सहा : "चित्रातील झाडे कोणत्या महिन्यातील आहेत, अशी विचारणा एका ज्येष्ठ सभासदांनी केली. विकासकाने याबाबत आर्किटेक्टकडून माहिती घेऊन महिना पुढील सभेत लेखी कळवण्याचे मान्य केले. तोपर्यंत संमतीपत्रांवर सह्या घेऊ नयेत, असे सर्वानुमते ठरले."